पुरावा पुरेसा झाला, हे कोण ठरवणार? व्हिएन्नाचा बाळंतज्वर आणि आधुनिक तत्त्वज्ञानाचे काही प्रश्न

चांदणवेल

विज्ञानाच्या तत्त्वज्ञानावरच्या चर्चा बहुतेक वेळा पॉपर विरुद्ध कून, या दोन तत्त्ववेत्त्यांच्या नावाने, रंगतात आणि तिथेच विरतात. मला एकाच घटनेला धरून बसायचं आहे. "कळलं" असं कधी म्हणायचं, चुकीच्या कारणावरून बरोबर उपाय सापडला तर त्याला सत्य म्हणायचं का, आणि माहिती अर्धवट असताना वागायचं की थांबायचं, हे सगळं त्या एका घटनेत गुंतलेलं आहे.

१८४० च्या दशकात व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकीचे विद्यार्थी शिकायचे, दुसऱ्यात सुईणी. आलेली बाई कुठे जाणार हे वारावर ठरायचं. दोन्हीकडे येणाऱ्या बाया गरीबच. तरी १८४६ साली पहिल्या विभागात ११.४ टक्के बाया बाळंतज्वराने गेल्या आणि दुसऱ्यात २.७ टक्के. आधीची दोन वर्षंही तशीच होती: १८४४ ला ८.२ आणि २.३, १८४५ ला ६.८ आणि २.०.

इग्नाझ सेमेलवाइस हा तरुण हंगेरियन डॉक्टर पहिल्या विभागात साहाय्यक होता. त्याने एकेक कारण घेऊन तपासलं. हवेत किंवा वातावरणात काही असेल, तर ते एका दारातून आत शिरून शेजारच्या दाराबाहेर कसं थांबेल? शिवाय रुग्णालयात पोचण्याआधी रस्त्यातच बाळंत झालेल्या बायांना हा ताप कमी येत होता. गर्दी म्हणावी, तर दुसऱ्या विभागात जास्त होती. शेवटचे संस्कार करायला पाद्री घंटा वाजवत पहिल्या विभागातून जातो, त्या धसक्याने बाया दगावतात असंही कुणी म्हणे. त्याने पाद्रीबाबांना वळसा घालून, घंटा न वाजवता यायला सांगितलं. फरक शून्य. दुसऱ्या विभागात कुशीवर झोपवून बाळंतपण करत, तेही इथे करून पाहिलं. पुन्हा काही नाही.

मार्च १८४७ मध्ये त्याचा सहकारी याकोब कोलेच्का वारला. शवविच्छेदन करताना विद्यार्थ्याच्या हातातली सुरी त्याला लागली होती. त्याच्या आजाराची लक्षणं आणि देहात सापडलेली विकृती थेट बाळंतज्वरासारखी होती. पहिल्या विभागातले डॉक्टर आणि विद्यार्थी शवागारातून सरळ प्रसूतिकक्षात येत. सुईणी शवविच्छेदन करत नसत. मे महिन्याच्या मध्यापासून सेमेलवाइसने क्लोरीनच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं. एप्रिलमध्ये १८.३ टक्के असलेले मृत्यू जूनमध्ये २.२ आणि जुलैत १.२ टक्क्यांवर आले. १८४८ मध्ये पहिला विभाग १.२७ टक्के, दुसरा १.३३.

कार्ल हेम्पेल या तत्त्ववेत्त्याने १९६६ च्या आपल्या पुस्तकात हीच गोष्ट वैज्ञानिक तपासाचा नमुना म्हणून मांडली, आणि तेव्हापासून ती अभ्यासक्रमात आहे: गृहीतक मांडा, त्यातून काय निघतं ते पाहा, तपासा, टाकून द्या.

मला खटकतं ते पुढचं. इतके आकडे हातात असताना बहुतेक युरोपने ते मानले नाहीत. सेमेलवाइस १८६५ मध्ये, वयाच्या ४७ व्या वर्षी, वेड्यांच्या इस्पितळात मेला. आपण हे "अडाणी जुने डॉक्टर" म्हणून उडवून लावतो. पण त्याच्या विरोधकांत विद्वान माणसं होती आणि त्यांचे काही आक्षेप रास्त होते. माझं म्हणणं असं: "पुरावा पुरेसा आहे का" हा प्रश्न निव्वळ तर्काचा नाही. निर्णय चुकला तर त्याची किंमत कुणाच्या खात्यावर जाते, याचा हिशेब केल्याशिवाय त्याला उत्तरच नाही. व्हिएन्नात पुरावा तोलणारे वेगळे होते आणि मरणाऱ्या वेगळ्या.

गणितमास्तर

उत्तम धागा. हेम्पेलने ती गोष्ट जरा जास्त सरळ करून सांगितली आहे, तेवढी भर घालतो.

सेमेलवाइसला उत्तर सापडण्याआधी एक चौकशी समिती नेमली होती. तिचं निदान असं की विद्यार्थी तपासणी करताना धसमुसळेपणा करतात. उपाय म्हणून विद्यार्थ्यांची संख्या निम्मी केली, तपासण्या कमी केल्या. मृत्यू घटलेही! त्याच दिवशी वही मिटली असती, तर धसमुसळेपणाचं गृहीतक "सिद्ध" झालं असतं. पुढे मृत्यू पुन्हा चढले, पूर्वीपेक्षाही वर गेले. भाकीत खरं ठरणं किती स्वस्त असू शकतं ते इथे दिसतं. पॉपर म्हणूनच पुष्टीवर भरवसा ठेवत नसे.

पण गृहीतक खोटं पाडून पाहायची पॉपरची कसोटीही पुरत नाही. ऑक्टोबर १८४७ मध्ये काय झालं पाहा. गर्भाशयमुखाचा कर्करोग होऊन पू वाहत असलेली एक बाई प्रसूतीसाठी आली. डॉक्टरांनी तिला आधी तपासलं, मग नुसते साधे हात धुऊन त्याच कक्षातल्या १२ जणींना तपासलं. त्यातल्या ११ गेल्या. इथे शवाचा संबंधच नाही. कडक नियम लावला, तर "शवाचे कण हेच कारण" हे गृहीतक त्या दिवशी पडलं. सेमेलवाइसने ते टाकलं नाही, रुंद केलं: प्रेत असो वा जिवंत शरीर, कुजणारा कोणताही सेंद्रिय अंश. ही पळवाट की प्रगती?

त्याच काळातलं खगोलशास्त्रातलं उदाहरण आठवा. युरेनस न्यूटनच्या गणिताप्रमाणे फिरत नव्हता. ल व्हेरिए या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने न्यूटनला टाकलं नाही, बाहेर आणखी एक ग्रह असावा असं गणित मांडलं, आणि सप्टेंबर १८४६ मध्ये बर्लिनच्या वेधशाळेतून नेपच्यून सापडला. पुढे बुधाची कक्षा जुळेना तेव्हा १८५९ मध्ये त्याच माणसाने तीच युक्ती वापरली आणि सूर्याजवळ एक ग्रह असावा असं म्हटलं. लोकांनी त्याचं नाव व्हल्कन ठेवलं, वर्षानुवर्षं शोधलं. तो नव्हताच. बुधाचा हिशेब १९१५ मध्ये आइनस्टाइनने सोडवला, आणि त्यासाठी न्यूटनचं गुरुत्वाकर्षणच बदलावं लागलं. माणूस एक, पद्धत एक. एकदा यश, एकदा भ्रम. गृहीतक वाचवणं योग्य की अयोग्य हे त्या क्षणी सांगणारा नियम मला तरी कुठल्याच तत्त्ववेत्त्याकडे सापडलेला नाही. लाकाटोश हा विज्ञानाचा तत्त्ववेत्ता म्हणतो, दुरुस्तीतून नवी भाकितं निघत असतील तर ती प्रगती. पण ते कळायला वर्षं जातात.

चांदणवेल

मास्तर, शेवटचं वाक्य कळीचं. खगोलशास्त्रज्ञाला वर्षं थांबता येतं, बुध काही कुणाच्या जिवावर उठलेला नव्हता. प्रसूतिकक्षात थांबणं हीही एक कृती आहे.

खिडकी

मला सत्याच्या बाजूने बोलायचं आहे, कारण ती बाजू इथे मागे पडते आहे.

सेमेलवाइसचा सिद्धांत आजच्या ज्ञानाप्रमाणे खरा नव्हता. जिवंत जंतू ही कल्पना त्याच्याकडे नव्हती. कुजलेला अंश शरीरात जातो आणि रक्त बिघडवतो, असं तो मानत होता. बाळंतज्वराच्या रुग्णांतले साखळीसारखे जंतू पाश्चरने दाखवले १८७९ मध्ये. उपाय आधी आला, कारण तीसेक वर्षांनी.

आता वास्तववादी, म्हणजे विज्ञान जगाविषयी साधारण खरंच सांगतं असं मानणारे, काय म्हणतात? हिलरी पुटनमचा १९७५ चा प्रसिद्ध युक्तिवाद: विज्ञान इतकं यशस्वी आहे, तर ते साधारण सत्य असलंच पाहिजे, नाहीतर हे यश चमत्कार ठरेल. त्यावर लॅरी लॉडनने १९८१ मध्ये अशा सिद्धांतांची यादीच मांडली, जे आपापल्या काळात यशस्वी होते आणि पुढे खोटे ठरले. प्रकाश ज्यातून प्रवास करतो असं मानलं जाई, तो ईथर त्यातलाच. व्हिएन्नाचं प्रकरण त्या यादीत सहज बसेल.

तरी मी वास्तववादी आहे, आणि त्याचं कारण याच गोष्टीत आहे. सेमेलवाइसच्या सिद्धांताचे दोन भाग करा. "हातांवरून काहीतरी जातं आणि क्लोरीनने ते नष्ट होतं" हा एक. "ते काहीतरी म्हणजे कुजणारा अंश" हा दुसरा. मृत्यू कमी करण्याचं सगळं काम पहिल्या भागाने केलं, आणि तो आजही खरा आहे. पडला तो दुसरा. यशाचं श्रेय सिद्धांताच्या नेमक्या कोणत्या अवयवाला जातं हे पाहिलं, तर लॉडनच्या यादीची धार बरीच बोथट होते.

"उपयोगी पडलं म्हणजे सत्य" हे मात्र मला मान्य नाही. समितीचा उपायही काही काळ उपयोगी पडला होता.

ऋतुपर्ण

विरोधकांच्या बाजूने कुणीतरी नीट उभं राहायला हवं, म्हणून लिहितो.

कोपनहेगनचा प्रसूतितज्ज्ञ कार्ल लेव्ही याने १८४८ मध्ये टीका लिहिली. सूक्ष्म, डोळ्यांना न दिसणारा अंश एवढा घात कसा करेल, हा त्याचा एक प्रश्न. दुसरा असा की बाळंतज्वराची साथ चढते-उतरते, मग थोड्या महिन्यांच्या आकड्यांवर एवढा निष्कर्ष कसा काढायचा? समितीच्या वेळी मृत्यू घटून पुन्हा चढले हे मास्तरांनी वर लिहिलंच आहे. त्या अनुभवानंतर संशय घेणं हा अहंकार कसा? शिवाय सेमेलवाइसने स्वतः सविस्तर लिहायला फार उशीर केला. सुरुवातीचे वृत्तान्त त्याच्या मित्रांनी प्रसिद्ध केले, त्याचं पुस्तक आलं ते १८६१ मध्ये. तोवर प्रत्येक केस याच एका कारणाने होते इथवर तो गेला होता, आणि पुस्तकानंतर विरोधकांना जाहीर पत्रांतून खुनी म्हणू लागला.

तत्त्वाचा मुद्दा असा की ह्यूम या तत्त्ववेत्त्याने १७४० च्या सुमारास दाखवून दिलं, "आहे" पासून "असावं" थेट निघत नाही. हात धुण्याने मृत्यू कमी होतात, हे "आहे". हात धुवावेत, हे "असावं". दोन्ही एकाच पातेल्यात टाकले की वैज्ञानिक आपल्या भावनेने पुरावा फुगवू लागतो. तत्त्ववेत्ता रिचर्ड जेफ्रीने १९५६ मध्ये हेच सांगितलं: वैज्ञानिकाने गृहीतक स्वीकारू नये की नाकारू नये, फक्त त्याची संभाव्यता सांगावी. पुढे काय करायचं ते ज्यांचं काम त्यांनी ठरवावं.

चांदणवेल

ऋतुपर्ण, जेफ्री ज्याला उत्तर देत होता तो रिचर्ड रडनर. १९५३ च्या त्याच्या लेखातलं उदाहरण साधं आहे. औषधात घातक विषारी अंश नाही, असं म्हणायचं असेल तर आपण पुष्कळ जास्त खात्री मागतो. यंत्राने ठोकलेल्या पट्ट्याच्या बक्कलांचा एखादा साठा सदोष नाही, असं म्हणायला तेवढी मागत नाही. तर्कशास्त्र दोन्हीकडे एकच. खात्रीची पातळी ठरते चुकीच्या किमतीवरून, आणि किंमत हा नैतिक प्रश्न आहे.

"फक्त संभाव्यता सांगा" म्हटल्याने सुटका होत नाही. संभाव्यता काढताना कुठली केस बाळंतज्वराची धरायची, रस्त्यात बाळंत झालेल्या बाया मोजायच्या की नाही, एवढ्या टक्क्यांचा फरक खरा की योगायोग, हे सगळं कुणीतरी स्वीकारलेलंच असतं. लेव्हीचे प्रश्न प्रामाणिक होते हे मी मानते. पण त्या संशयाचा खर्च बघा. सेमेलवाइस चुकीचा असता, तर डॉक्टरांचे हात क्लोरीनने चरचरले असते. तो बरोबर असेल, तर दर महिन्याला बाया मरणार होत्या. या तराजूत अंतिम पुराव्याची वाट पाहणं तटस्थ कसं?

ऋतुपर्ण

हा युक्तिवाद मला धोक्याचा वाटतो. "नुकसान काय आहे, करून बघा" याच वाक्यावर शेकडो वर्षं रक्त काढलं गेलं. न्यूमोनियाच्या माणसाची शीर उघडणाऱ्यालाही वाटत होतं की आपण थांबलो तर हा जाईल. पॅरिसमध्ये डॉक्टर पिएर लुईने १८३० च्या दशकात रुग्ण मोजून दाखवले, तेव्हा कुठे रक्तमोक्षणावरचा विश्वास डळमळला. आजही वैदू, चमत्कारी काढे विकणारे, सगळे हीच किमतीची भाषा बोलतात. थांबा म्हणणारा संशयी माणूस त्या वेळी रुग्णाच्या बाजूने असतो.

चांदणवेल

रक्तमोक्षणाचं उदाहरण अचूक आहे, पण मला फरक दिसतो. रक्त काढण्याची किंमत रुग्णच मोजत होता, म्हणजे चुकलं तरी त्याचंच जात होतं. क्लोरीनची किंमत डॉक्टर मोजणार होते. उपाय कधीही थांबवता येण्यासारखा होता आणि परिणाम दर महिन्याच्या नोंदवहीत दिसत होता. "करून बघा" म्हणणाऱ्याला मी हे तीन प्रश्न विचारीन: चुकलं तर कुणाचं जाईल, मागे फिरता येईल का, आणि मोजायची तयारी आहे का. काढा विकणारा तिसऱ्या प्रश्नालाच उठून जातो.

दुसरी पाळी

मी तत्त्वज्ञान शिकलेली नाही, प्रसूतिकक्षात परिचारिका आहे. वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते.

आमच्याकडे बेसिनच्या वर हात धुण्याच्या पायऱ्यांचं चित्र लावलेलं आहे. तळहात, हाताची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, बोटांची पेरं, अंगठा, शेवटी नखांची टोकं तळहातावर घासायची. घाईत नेमका अंगठा राहतो. नळ कोपराने बंद करायचा असतो, पण दांडी ढिली असली की माणूस धुतलेल्या हातानेच पिळतो, आणि सगळं पाण्यात. हे सगळ्यांना माहीत आहे. जंतू कोणता, नाव काय, कुठलं औषध लागू पडतं, सगळं माहीत आहे. तरीसुद्धा मोठे डॉक्टर एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे तसेच निघाले, तर "सर, हात" हे दोन शब्द उच्चारायला नवीन मुलीच्या घशाला कोरड पडते. मी एका ठिकाणी नोकरीला असताना बोलले होते. पुढे महिनाभर माझ्या वाट्याला फक्त रात्रपाळ्या आल्या.

म्हणून मला नाही वाटत की व्हिएन्नात पुरावा कमी पडला. त्यांना ऐकायचं होतं कुणाकडून, हा प्रश्न होता.

खिडकी

ताई, तुमच्या प्रतिसादाने चर्चा जागेवर आणली. याला तत्त्वज्ञानात नाव आहे. मिरांडा फ्रिकर या ब्रिटिश तत्त्वज्ञ बाईंनी २००७ मध्ये ज्ञानाच्या बाबतीतल्या अन्यायाची मांडणी केली: बोलणारी व्यक्ती कोण आहे हे पाहून तिच्या शब्दाचं वजन कमी केलं जातं, तेव्हा ज्ञान देणारी म्हणून तिच्यावर अन्याय होतो.

व्हिएन्नात याचा पुरावा डोळ्यांसमोर होता. शहरातल्या गरीब बायांना पहिला विभाग म्हणजे काय हे पक्कं ठाऊक होतं. सेमेलवाइसने स्वतः लिहून ठेवलंय की पहिल्या विभागाचा वार आहे असं कळल्यावर बाया गुडघे टेकून, हात जोडून दुसरीकडे पाठवा म्हणून विनवत. त्यांच्याकडे टक्केवारी नव्हती, पण तुलना होती, शेजारणी होत्या, आणि निष्कर्ष बरोबर होता. डॉक्टरांच्या चर्चेत त्याची जमा "भीती" म्हणून झाली. इतकंच नव्हे, भीती हेच तापाचं एक संभाव्य कारण म्हणून मांडलं गेलं! त्यांचं ज्ञान त्यांचाच आजार ठरवला.

गणितमास्तर

आणि ऐकणाऱ्याला ते ऐकणं परवडणारं नव्हतं. विल्यम क्लिफर्ड हा तत्त्ववेत्ता १८७७ मध्ये लिहून गेला की अपुऱ्या पुराव्यावर विश्वास ठेवणं सदैव गैर. त्याच्या उदाहरणातला जहाजमालक जुन्या जहाजाबद्दल मनाची समजूत घालतो, जहाज बुडतं, माणसं जातात. आपण हे अंधश्रद्धेविरुद्ध वापरतो. पण त्या मालकाकडे शंकेला जागा होती आणि त्याने ती दाबली, कारण दुरुस्तीचा खर्च होता. व्हिएन्नाच्या डॉक्टरांपुढचा खर्च पैशाचा नव्हता. सिद्धांत मानला, की आपल्याच हातांनी माणसं मारली हे मानावं लागत होतं. कील शहराचा प्रसूतितज्ज्ञ गुस्टाफ मिखाएलिस याने ते मानलं, आपल्या रुग्णालयात हात धुणं सुरू केलं, आणि १८४८ मध्ये त्याने आयुष्य संपवलं. आपल्या हातून गेलेल्या नात्यातल्या एका बाईचा सल त्याला होता. सत्य कळल्यावर माणूस मोकळा होतो असं आपण सहज म्हणतो. काही सत्यं स्वीकारायला माणसाला आधार लागतो, आणि तो आधार त्या काळच्या वैद्यकात कुणी उभा केला नव्हता.

वाटाड्या

असाच पेच आपल्या अगदी जवळही घडलेला आहे, म्हणून एक अवघड प्रकरण ठेवतो.

गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच बाईला आरोग्यदूत म्हणून तयार केलं: बाळाचं वजन करणं, उबेत ठेवणं, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणं, जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविकाचं इंजेक्शनसुद्धा देणं. ३९ गावांत हे केलं, ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. १९९५ ते १९९८ या काळात प्रयोगाच्या गावांतला नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५ च्या आसपास आला. तुलनेच्या गावांत तो जिथल्या तिथे राहिला. १९९९ च्या डिसेंबरात ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं आणि २०११ पासून ही पद्धत आशा कार्यकर्तींमार्फत देशभर राबवली जाऊ लागली.

ज्या बाईच्या हाती इंजेक्शन देऊ नये असं तज्ज्ञांचं मत, तिच्याच हातून हे झालं, म्हणजे दुसरी पाळी ताईंचा मुद्दा. पण तुलनेची ४७ गावं? तिथे सरकारी सेवा होती तशी चालू होती, कुणाचं काही काढून घेतलं नव्हतं. चांदणवेल यांचा तराजू लावला, तर उपाय उपयोगी आहे असं वाटू लागताच तो सगळीकडे द्यायला हवा होता. तसं केलं असतं तर लॅन्सेटचा लेख नाही, आणि कदाचित देशाचा कार्यक्रमही नाही.

ऋतुपर्ण

यावर वैद्यकीय नीतिशास्त्राचा अभ्यासक बेंजामिन फ्रीडमन याचं १९८७ चं उत्तर मला सगळ्यात प्रामाणिक वाटतं. एकट्या डॉक्टरला काय वाटतं यावर जाऊ नका. त्या क्षेत्रातल्या जाणकारांच्या समुदायात खरा मतभेद आहे का, हे पाहा. असेल तर तुलना नैतिक, आणि तो मतभेद मिटेपर्यंतच. जेमतेम शिकलेली बाई इंजेक्शन देईल का, यावर तेव्हा खरोखर मतभेद होता.

दुसरी पाळी

पण समुदाय म्हणजे कोण? व्हिएन्नातही जाणकारांत मतभेद होता, वर्षानुवर्षं. त्या हिशेबाने निम्म्या बायांना न धुतलेल्या हातांनी तपासणं नैतिक ठरलं असतं.

चांदणवेल

फ्रीडमनच्या उत्तरात हीच फट आहे. मतभेद खरा आहे की नुसता टिकवून धरलेला, हे तोच समुदाय ठरवतो ज्याला बदलायचं आहे. गडचिरोली आणि व्हिएन्ना यांत मला एक मोठा फरक दिसतो. गडचिरोलीत तुलना करणाऱ्यांचा पहिल्यापासून हेतू होता की उपयोगी ठरलं तर पसरवायचं. व्हिएन्नात दोन विभागांची तुलना कुणी मांडलीच नव्हती. ती वर्षानुवर्षं आपोआप घडत होती, नोंदवहीत पडून होती, आणि तिचं उत्तर कुणी मागत नव्हतं.

वाटाड्या, ४७ गावांचा प्रश्न मात्र मी मिटवून टाकणार नाही. तिथल्या आयांच्या बाजूने हिशेब मांडायचा, तर हेतू चांगला होता एवढं पुरत नाही. माझ्या मते तुलनेच्या गावांना तीन गोष्टी देणं लागतो: तुम्ही तुलनेत आहात हे आधी सांगणं, निकाल आधी त्यांच्या भाषेत त्यांच्या गावात वाचणं, आणि उपयोगी ठरलेला उपाय सगळ्यात आधी त्यांच्याकडे नेणं. पुरावा पुरेसा कधी हे ठरवणाऱ्या समितीत त्या गावांतल्या किमान दोन बाया बसलेल्या असाव्यात, असंही मला वाटतं. यात विज्ञानाची अचूकता कुठे कमी होते, ते ऋतुपर्ण यांनी सांगावं.

ऋतुपर्ण

आपण तुलनेत आहोत हे कळल्यावर गावं वेगळं वागू लागतील आणि तुलना बिघडेल, हा धोका खरा आहे. तरी पहिली अट मी मान्य करीन, बिघाड मोजून घेता येतो. समितीतल्या बायांबद्दल माझी हरकत नाही, फक्त त्यांना आकडे वाचायला शिकवण्याची जबाबदारी संशोधकाची असावी. त्या कधी म्हणाल्या की "आणखी सहा महिने थांबा, अजून खात्री नाही", तर तेही तेवढंच मानावं लागेल.